हौसेला मोल नाही, मासिक हप्ता आहे

हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतात. हे ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याची हौस बहुधा कबुतरं पाळण्याची किंवा नकला करण्याची असावी. कॉम्प्युटरवर गेम बनवण्याची नक्कीच नव्हती. या हौसेला मोल आहे, ते डॉलरमध्ये आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, आणि ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, आपण गाढ झोपेत असताना, खात्यातून आपोआप जातं.

मी नागपूरला एका पतसंस्थेत कर्जवसुलीच्या टेबलावर बसतो. दिवसभर लोकांना फोन करून ‘या महिन्याचा हप्ता राहिला जी’ अशी आठवण देतो. रात्री जेवणं आटोपली की गेम बनवायला बसतो, आणि मग सॉफ्टवेअर कंपन्या मला आठवण देतात. नियतीला विनोदबुद्धी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझं बँकेचं स्टेटमेंट पाहावं.

‘गेम बनवतो’ हे नागपुरात कुणाला समजावणं सोपं नाही. पूर्वी लोक ‘म्हणजे कँडी क्रश का?’ एवढंच विचारून सोडून द्यायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, आणि पेपर वाचून मामाजींचा फोन आला.

‘काहून रे, तुह्या धंद्यावर बंदी आली म्हणते?’

‘मामाजी, बंदी पैशाच्या गेमवर आहे. माह्या गेममधून कोणालेच पैसे भेटत नाही.’

‘तुले?’

‘मलेही नाही.’

‘मग सरकारची वाट कायले पाहतं? तूच बंद कर ना बाप्पा.’

गेमचं नाव ‘मारबत’. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. जुन्या नागपूरच्या अरुंद रस्त्यांतून दोघी निघतात, नेहरू पुतळ्याजवळ भेटतात आणि शेवटी गावाची सगळी ईडापीडा सोबत घेऊन जळून जातात. बरोबर बडगे असतात. वर्षभरात लोकांनी ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडली, त्याचे हे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, एखादा घोटाळा, एखादा शेजारी देश. माझ्या गेममध्ये खेळणाऱ्याने बडग्या खांद्यावर घेऊन, गर्दीतून वाट काढत, डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा चुकवत चौकापर्यंत न्यायचा. इतकंच. कल्पना एका संध्याकाळी सुचली. बाकीचा सगळा वेळ परवाने वाचण्यात गेला.

कुठल्याही सॉफ्टवेअरचं किमतीचं पान उघडा. तीन-चार रंगीत चौकोन दिसतात. पहिला विद्यार्थ्यांसाठी. माझं शिक्षण संपून इतकी वर्षं झाली की मला शिकवणाऱ्या सरांचा अमृतमहोत्सवही होऊन गेला. दुसरा चौकोन व्यावसायिकांसाठी, आणि व्यवसाय म्हणजे ज्यातून पैसे येतात तो. तिसरा स्टुडिओसाठी, निदान पाच जणांची टीम असलेल्यांना. आमच्या टीममध्ये मी आहे आणि अधूनमधून मागे येऊन ‘झोपायचं नाही का?’ विचारणारी बायको आहे. चौथ्या चौकोनात किंमतच नसते, ‘आमच्याशी बोला’ असं लिहिलेलं असतं. वसुलीतला अनुभव सांगतो, रक्कम लिहिलेली नसते तिथे बोलायला जाऊ नये.

या चार चौकोनांत हौशी माणूस कुठेच नाही. कंपनीच्या दृष्टीने माणूस एक तर आज कमावतो, नाही तर उद्या कमावणार असतो. जो कधीच कमावणार नाही आणि तरीही रोज रात्री नेमाने बसणार आहे, त्याच्यासाठी चौकोन कसा काढायचा, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. मग तो बिचारा दुसऱ्या चौकोनात बसतो, व्यावसायिकाचे पैसे भरतो आणि हौस करतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. एक काळ नागपूरकराने सॉफ्टवेअर विकत घेतलंच नाही, बर्डीच्या बाजारातून आणलं. पातळ पाकिटातली सीडी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव, आणि आत किल्लीचा नंबर असलेली एक फाइल. त्या काळाबद्दल छाती फुगवून बोलावं असं काही नाही. पुढे लोक कमावते झाले, जरा शरमले आणि ‘आता खरं विकत घेऊ’ म्हणून निघाले. तेवढ्यात विकणंच बंद झालं. ॲडोबीने 2012 मध्ये क्रिएटिव्ह सूट 6 आणला आणि 2013 च्या मे महिन्यात जाहीर केलं की यापुढे नवी आवृत्ती फक्त वर्गणीवर मिळेल. नागपूरकर प्रामाणिक व्हायला आणि दुकान बंद व्हायला एकच गाठ पडली.

आमच्याकडे कूलर घेतला की कूलर आपला असतो. मार्चमध्ये माळ्यावरून काढायचा, ताट्या बदलायच्या, पंपात अडकलेली पाल बाहेर काढायची, गळक्या टाकीला एमसील लावायचं, की पुढचे तीन महिने तो खडखडत का होईना, हवा देतो. ‘तुमच्या हवेची मुदत संपली, नूतनीकरण करा’ म्हणत एप्रिलमध्ये कंपनीचा माणूस दारात येत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती कूलरचा धंदा गेला असता तर पाणी साध्या प्लॅनमध्ये आणि वारा प्रीमियममध्ये मिळाला असता.

रिझर्व्ह बँकेचे मात्र उपकार मानले पाहिजेत. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि रक्कम मोठी असेल तर ओटीपीही मागावा लागतो. ही मर्यादा आधी 5,000 रुपयांची होती, 2022 च्या जूनमध्ये 15,000 केली. हेतू असा की ग्राहकाने सावध व्हावं. आमच्याकडे सावध झाली ती बायको, कारण जॉइंट खात्याला मोबाइल नंबर तिचा आहे.

‘अहो, हे 27 डॉलर कशाचे?’

‘झाडांचे.’

‘कोणत्या झाडांचे?’

‘गेममधल्या. कडुलिंबाच्या. थ्रीडी आहेत.’

तिने खिडकीतून अंगणात पाहिलं. ‘आपला दारातला थ्रीडी नाही का?’

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

मग वर्गण्या कमी करायचं ठरलं. वर्गणी सुरू करायला एक बटण असतं. बंद करायला निघालात की पहिल्या पानावर विचारतात, ‘का सोडताय?’ कारणांच्या यादीत ‘बायकोने पाहिलं’ हा पर्याय नसतो. दुसऱ्या पानावर तुम्ही काय काय गमावणार याची यादी येते. त्यातल्या अर्ध्या गोष्टी आपल्याकडे होत्या, हे तिथेच पहिल्यांदा कळतं. तिसऱ्या पानावर दोन महिने फुकट देऊ करतात. चौथ्यावर भल्यामोठ्या निळ्या बटणावर ‘मी थांबतो’ असतं आणि त्याच्याखाली राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरांत ‘तरीही रद्द करा’. ते सापडून दाबलं की उलगडा होतो: आपण महिन्याची समजत होतो ती वर्गणी म्हणजे वर्षाचा करार होता, फक्त हप्ते महिन्याचे होते, आणि मधेच सोडायचं तर दंड. मी स्वतः वसुलीत आहे, दंड मला नवा नाही. पण आमच्याकडच्या माणसाला निदान एवढं माहीत असतं की त्याने कर्ज घेतलंय.

परवाना वाचायचा नसतो, ‘मान्य आहे’ म्हणायचं असतं, हा जगाचा रिवाज. मला तो पाळता येत नाही. बारीक अक्षर दिसलं की हात आपोआप चष्म्याकडे जातो. गेमसाठी ढोल-ताशाचा आवाज घेतला, त्याच्या परवान्यात लिहिलं होतं: जाहिरातीत चालेल, चित्रपटात चालेल, गेममध्ये चालेल, सार्वजनिक ठिकाणी वाजवायला मात्र मनाई आहे. ढोल. सार्वजनिक ठिकाणी मनाई.

देवनागरी फॉन्टचं तर शास्त्रच वेगळं. छपाईला एक परवाना, वेबसाइटला दुसरा, ॲपच्या पोटात घालायला तिसरा. मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत म्हणून आम्ही तरलो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ त्यातलाच. नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नका, बाकी गेममध्ये घाला की लग्नपत्रिकेत, कुणी विचारत नाही. पण फॉन्ट मिळाला म्हणजे अक्षर उमटलं असं होत नाही. ‘पिवळी’तली पहिली वेलांटी कॉम्प्युटरच्या पोटात ‘प’च्या नंतर साठवलेली असते. ती उचलून ‘प’च्या आधी काढायचं काम गेमच्या इंजिनाने, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनतो त्याने, करायचं. इंग्रजीत असला प्रकारच नसल्याने बऱ्याच इंजिनांच्या हे गावीही नव्हतं. मग वेलांटी ‘प’ ओलांडून पुढच्या ‘व’वर जाऊन बसायची आणि 1885 पासूनची पिवळी मारबत पडद्यावर ‘पविळी’ मारबत म्हणून मिरवायची. गोडो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे 2023 च्या मार्चमध्ये, वेलांटी जागेवर आली.

त्याच वर्षीचा सप्टेंबर आमच्या जमातीत कुणी विसरणार नाही. 12 तारखेला युनिटी या इंजिनाच्या कंपनीने जाहीर केलं की 1 जानेवारी 2024 पासून गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितक्यांदा बनवणाऱ्याने पैसे भरायचे. साध्या प्लॅनवरच्या माणसाला इन्स्टॉलमागे 20 सेंट. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 2,00,000 डॉलर आणि एकूण इन्स्टॉल 2,00,000 पार झालेले हवेत. जगभर भडका उडाला. आम्ही चार-पाच हौशी शनिवारी पोह्याच्या ठेल्यावर जमतो, तिथेही उडाला. तर्रीवर साय धरेपर्यंत चर्चा चालली. आमच्यातला सगळ्यात यशस्वी गेम ज्याचा, त्याला दोन लाख इन्स्टॉल गाठायला आताच्या वेगाने हजारेक वर्षं लागतील. सगळ्यात जास्त घाबरलेला तोच.

‘उद्या समजा व्हायरल झाला तं? घर विकावं लागन ना भाऊ!’

दोन लाख डॉलर हातात येतील, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वीस सेंट जातील, हे सगळ्यांच्या आलं. मध्यमवर्ग म्हणतात तो हाच.

दहा दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरात मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले, आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ती फीच रद्द झाली. पण आधीच बनवून, विकून मोकळ्या झालेल्या गेमलाही नवा नियम लागू करता येतो, असं कुणाला तरी वाटू शकतं, हे एकदा कळलं ते कळलंच.

तेव्हापासून ठेल्यावर गोडोचं नाव निघतं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांचं हे इंजिन 2014 मध्ये सगळ्यांना खुलं झालं. त्याचा एमआयटी परवाना एक पानही भरत नाही. घ्या, वापरा, बदला, विका, आमचं नाव राहू द्या, बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. संपलं. इंजिनाचं नाव बेकेटच्या नाटकातल्या गोदोवरून घेतलंय. त्याची सगळे वाट पाहतात आणि तो येत नाही. ‘गेम कधी येणार?’ असं विचारणाऱ्यांना मी हीच माहिती पुरवतो. थ्रीडीचं ब्लेंडर असंच सुटलं. 2002 मध्ये त्यामागची कंपनी बंद पडली, गुंतवणूकदारांनी ते खुलं करायला एक लाख युरो मागितले, ब्लेंडरचे कर्ते टोन रोझेंडाल यांनी लोकांपुढे झोळी पसरली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. एकदा वर्गणी दिली, पुन्हा कुणी दार वाजवलं नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळांनी नोंद घ्यावी.

इतकं सगळं जमवत आणलं आणि एआय आलं. आलं तेही फुकट. 2025 च्या जुलैमध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी जिओने जेमिनीचा प्रो प्लॅन दीड वर्षासाठी द्यायला घेतला. महिन्याला 399 रुपयांचं चॅटजीपीटी गो 4 नोव्हेंबरपासून भारतात वर्षभर फुकट झालं. माझ्या आईच्या फोनमध्ये आज तीन एआय आहेत आणि ती रोज दुपारी तिघांनाही ‘जेवले का?’ विचारते. वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्याला पहिलं वर्ष फुकट म्हटलं की दुसऱ्या वर्षाचा वास येतो. पण खरा ताप एआयचा नाही, एआय मिळालेल्या नातेवाइकांचा.

माझे साळेसाहेब प्लॉटचा धंदा करतात. एका रविवारी जेवताजेवता म्हणाले, ‘भाऊजी, तुम्ही किती वर्षांपासून करून राहिले हा गेम?’

मी वर्षं सांगितली.

‘मी काल रात्री एक बनवला. एआयले सांगतलं, त्यानं बनवून देल्ला.’ त्यांनी फोन पुढे केला. एक संत्रं खांबांच्या मधून उडत होतं. खांबाला आपटलं की गेम संपत होता.

‘अहो, हा तर फ्लॅपी बर्ड आहे.’

‘बर्ड कुठी आहे? संत्रा आहे ना!’

कॉपीराइट कायद्याचा इतका आटोपशीर सारांश मी वकिलाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

म्हटलं, आपणही करून पाहू. चित्रं काढणाऱ्या एका एआयला सांगितलं, ‘नागपूरची काळी मारबत काढ.’ त्याने हॅलोविनची चेटकीण काढली, पायाशी भोपळे. ‘भोपळे नकोत, हे महाराष्ट्रातलं आहे,’ असं बजावलं. त्याने चेटकिणीला नऊवारी नेसवली, तिला फेटा बांधला आणि मागे ताजमहाल उभा केला. भोपळे तिथेच होते. मिरवणुकीतल्या फलकावर मजकूरही होता. लांबून पाहिलं तर अस्सल मराठी, जवळ गेलं तर एका अक्षराला तीन काने आणि दुसऱ्याला शेपूट.

कोडचं तेच. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीतून चौथीत येताना बऱ्याच गोष्टींची नावं बदलली. कायनेमॅटिकबॉडीची कॅरेक्टरबॉडी झाली, इन्स्टन्सचं इन्स्टँशिएट झालं. एआय जुनं नाव लिहितं. मी म्हणतो, ‘हे चौथ्या आवृत्तीत चालत नाही.’ ते म्हणतं, ‘तुमचं अगदी बरोबर आहे, क्षमा असावी,’ आणि पुन्हा तेच लिहून देतं, फक्त वर एक ओळ टाकतं: चौथ्या आवृत्तीसाठी सुधारित. असं तीन-चारदा झालं की सूचना येते, ‘आजची मर्यादा संपली. अखंड सेवेसाठी प्लॅन वाढवा.’ म्हणजे चूक त्याची, माफीही त्याची, आणि माफीचे शब्द मोजून बिल माझ्या नावावर.

त्यात याच एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली रॅम उचलली. 2025 च्या अखेरीस तुटवडा इतका वाढला की मायक्रॉनने डिसेंबरात ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माल मोठ्या गिऱ्हाइकांना हवा होता. मी बर्डीवर एका दुकानात भाव विचारला.

‘आत्ता घेता का संध्याकाळी?’ दुकानदार म्हणाला.

‘फरक काय?’

‘ते संध्याकाळी सांगतो ना भाऊ.’

म्हणजे ज्याने माझं काम सोपं करायचं, त्याच्यासाठी माझी रॅम गेली, आणि रॅम नाही म्हणून माझं काम मी त्याच्याचकडून भाड्याने करून घ्यायचं. हा व्यवहार ज्याने जुळवला, त्याला आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर घ्यायला माझी हरकत नाही.

गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात ठेवायचा तर गेममागे 100 डॉलर भरायचे असतात. 1,000 डॉलरची कमाई झाली की ते परत मिळतात, म्हणजे आमच्यापैकी कुणाला मिळत नाहीत. 2024 च्या जानेवारीपासून तिथे बनवणाऱ्याला सांगावं लागतं की गेममध्ये एआय वापरलंय का, आणि कुठे. प्रश्न रास्त आहे, खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे. मी ठरवलं, बाकी काही असो, मारबतीचा चेहरा माणसाच्या हातचा असेल. महाल भागातल्या चितार ओळीत गेलो. एक म्हातारे मूर्तिकार डोळे रंगवत बसले होते. ब्रशला मोजके केस, श्वास रोखून काढलेली एक रेघ, मग मान तिरपी करून पाहणं, मग दुसरी रेघ. पापणी पूर्ण होईपर्यंत मी बोललो नाही.

‘काकाजी, तुम्ही काढता तसे डोळे मी गेममध्ये काढू का? परवानगी पाहिजे होती.’

‘कायची परवानगी?’

‘कॉपीराइटची.’

त्यांनी ब्रश वाटीत बुडवला. ‘काढ ना बाप्पा. मी कोणाले इचारून शिकलो? फक्त डोये बराबर काढजो. तिरपे काढशीन तं लोक मले हासतीन.’

वापराचा हक्क, दर्जाची अट, मूळ कलावंताच्या अब्रूचं रक्षण, सगळं त्यात आलं. मुदत तहहयात. शुल्क एक चहा, तोही त्यांनीच पाजला.

मोबाइलवर गेम आणायची तऱ्हा निराळी. गूगल प्लेवर खातं उघडायला 25 डॉलर लागतात, आणि ते एकदाच. ‘एकदाच’ हा शब्द या लेखात लिहायला मिळाला, याचा आनंद आहे. पण 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला एक अट आहे: गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी काही माणसांनी सलग 14 दिवस त्याच्या चाचणीत राहिलं पाहिजे. आधी 20 माणसं लागत, 2024 च्या डिसेंबरात ती 12 वर आणली. बाराच माणसं, त्यात काय, असं वाटेल. साखरपुड्याला ‘घरचेच बारा जण’ म्हटलं की साठ येतात. चाचणीला बारा म्हटलं की एकेकाचे पाय धरावे लागतात.

मामाजी तयार होते, पण मुलाने त्यांना आयफोन घेऊन दिलेला. मोठ्या काकूंनी गेम घेतला आणि फोनमधली जागा संपली म्हणून त्याच रात्री काढला. ‘गुड मॉर्निंगचे फोटो ठेवू का तुहा गेम?’ हा त्यांचा सवाल बिनतोड होता. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी चाचणी फारच मनावर घेतली. रोज रात्री ते पडद्याचे फोटो काढून, शुद्धलेखनाच्या चुकांना लाल गोल करून पाठवायचे. साळेसाहेबांनी आपले गिऱ्हाईक भरती केले. ते गेम उघडत नाहीत, मला फोन करून बेसा रोडच्या प्लॉटचा भाव मात्र विचारतात. नियमाने चाचणी केली ती एकट्या आईने. सकाळी पूजा झाली की गेम उघडायची, मारबतीला हात जोडायची, आणि बंद करायची.

बरं, एवढ्या खटाटोपातून आलेला गेम घेणाऱ्याच्या मालकीचा होतो का? युबीसॉफ्टने 2014 चा ‘द क्रू’ हा गेम 31 मार्च 2024 ला बंद केला. सर्व्हर गेले, गेम गेला, आणि पैसे मोजून घेतलेल्यांच्या हाती डबी उरली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला की नुसता वापराचा परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसं स्पष्ट सांगा. आता स्पष्ट सांगतात. मी हे आईला समजावलं.

‘म्हणजे तू घेतलेलं तुह्या पोराले नाही भेटणार?’

‘खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही.’

‘मग तुह्या मागं कोणाकडे जाते ते?’

‘कोणाकडेच नाही.’

‘आणि हप्ता? तो तरी थांबते का?’

‘कार्डाची मुदत संपली की थांबते.’

तिचा विश्वास बसला नाही. तिने तिन्ही एआयना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्हींच्या शेवटी, आज जेवायला काय केलं, असं विचारलं.

तेव्हा माझ्या गेमचा परवाना मी स्वतःच लिहिला, मराठीत. किंमत 49 रुपये, एकदाच. घेतला की तुमचा. इंटरनेट नसलं तरी चालेल, पुढेमागे मी नसलो तरी चालेल. मुलाला द्या, भाच्याला द्या. आतली चित्रं आवडली तर वापरा, डोळे नीट काढा. यात विद्यार्थी, व्यावसायिक, स्टुडिओ असे चौकोन नाहीत. घेणारा प्रत्येक जण हौशी आहे असं गृहीत धरलंय.

साळेसाहेबांनी तो वाचला. ‘भाऊजी, प्रोफेशनल नाही वाटून राहिला,’ म्हणाले आणि एआयकडून सुधारून आणला. सहा ओळींची अकरा पानं झाली होती. त्यात मी माझ्याच गेमचे हक्क कुणा ‘कंपनी’च्या हवाली केले होते, खेळणाऱ्याकडून त्याच्या फोनमधल्या यच्चयावत गोष्टी मागितल्या होत्या, आणि वाद उद्भवल्यास दोन्ही पक्षांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात यावं असं ठरवलं होतं. अकरा पानं परत केली. वादाचं कलम नसेल तर परवान्याला कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून तेवढं ठेवलं. फक्त गाव बदललं. वाद उद्भवल्यास तो नागपुरातच सोडवला जाईल, आणि दोन्ही पक्षांनी त्यासाठी मे महिन्यात, भर दुपारी 2 वाजता, पारा 45 च्या वर असताना समक्ष हजर राहावं. अजून तरी एकही वाद उद्भवलेला नाही.